लहान मुलांच्या नखांतील बुरशी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पावसाळा अर्ध्यावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पायांच्या तक्रारी वाढतात. या वेळी त्यांत लहान मुलांच्या नखांविषयीची पत्रे बरीच आहेत आणि जवळपास प्रत्येक पत्रात 'ही बुरशीच असेल का' हा एकच प्रश्न आहे, म्हणून ती एकत्र घेत आहे. पत्रे संक्षेपाने दिली असून नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. सहा-सात महिन्यांपूर्वी त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचे नख कडेने पिवळे पडू लागले. आता जवळजवळ निम्मे नख पिवळट आणि जाड झाले असून कापताना त्याचा भुगा पडतो. दुखत मात्र नाही. मेडिकलच्या दुकानातून आणलेले मलम दीड महिना लावले. बोटांच्या बेचक्यातली खाज लगेच थांबली, पण नख होते तसेच आहे. शेजारच्या काकू म्हणतात की नखाची बुरशी मोठ्या माणसांनाच लागते. इतक्या लहान मुलाला ती होऊ शकते का? झाली असेल तर पोटातून गोळ्या द्याव्या लागतील का? गोळ्यांचीच मला अधिक भीती वाटते. (एक आई, चिपळूण)

उत्तर : होऊ शकते. काकूंचे म्हणणे अगदीच निराधार नाही, कारण मोठ्यांच्या मानाने मुलांत हा विकार फार कमी दिसतो. निरनिराळ्या देशांत झालेल्या बहुतेक पाहण्यांत त्याचे प्रमाण शंभर मुलांमागे एकाहूनही कमी आढळले आहे. मुलांचे नख झपाट्याने वाढते, त्यामुळे बुरशीला मुळाकडे सरकायला उसंत मिळत नाही. शिवाय ते आकाराने लहान आणि पातळ असते, आणि वर्षानुवर्षांचे ठेचकाळणे, घट्ट बूट, पायांचा मंदावलेला रक्तप्रवाह हे मोठ्यांचे भोग त्याच्या वाट्याला अजून आलेले नसतात. तरीही ज्या मुलाच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या आहेत, किंवा ज्याच्या घरात कोणाच्या तरी नखात जुनी बुरशी आहे, त्याला ती लागू शकते. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्या मुलांत ती अधिक दिसते.

तुमच्या पत्रातील तीन गोष्टींवरून बुरशीचा संशय बळावतो : विकार एकाच पायाच्या अंगठ्याला आहे, तो नखाच्या मोकळ्या कडेकडून आत सरकतो आहे, आणि नखाखाली भुगा साठतो आहे. असे असले तरी नुसत्या वर्णनावरून, इतकेच काय, प्रत्यक्ष पाहूनही, मी तपासणीशिवाय उपचार सुरू करणार नाही. मोठ्या माणसांच्या बिघडलेल्या नखांपैकीसुद्धा साधारण निम्मीच बुरशीची निघतात. मुलांत तर बुरशी मुळातच दुर्मीळ, त्यामुळे फसगत व्हायला आणखी जागा असते. वारंवार लागलेला मार, जन्मतःच थोडे तिरपे वाढणारे अंगठ्याचे नख, सोरायसिस, या सगळ्यांत नख पिवळे आणि जाड होऊ शकते.

तपासणी अवघड नाही आणि ती दुखतही नाही. नखाचा तुकडा आणि त्याखालचा भुगा, शक्य तितका मुळाच्या बाजूने, म्हणजे चांगले नख संपून बिघडलेले जिथे सुरू होते तिथून, बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घेतात आणि त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाकतात. कातडीची खपली असेल तर ती थोड्याच वेळात मऊ होते, पण नख चिवट असते, त्यामुळे काचपट्टी तासभर, कधी कधी रात्रभरही ठेवावी लागते. मग सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या धूसर चौकटींवरून आडवेतिडवे गेलेले, फांद्या फुटलेले लांब तंतू दिसतात. उसाच्या कांड्याला असावेत तसे त्यांना ठरावीक अंतराने पेर असतात. हे तंतू दिसले म्हणजे बुरशी आहे. ती कोणत्या जातीची आहे हे कळण्यासाठी नमुना कल्चरला लावतात, म्हणजे प्रयोगशाळेत त्यातील बुरशी वाढवून पाहतात, आणि त्याच्या अहवालाला चार आठवडेही लागू शकतात. बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन रुब्रम ही जात निघते. एकदा काही सापडले नाही म्हणून बुरशी नाहीच असे ठरत नाही. संशय कायम असेल तर नमुना पुन्हा घ्यावा, किंवा नखाचा तुकडा पॅथॉलॉजीकडे पाठवून विशेष रंग देऊन तपासून घ्यावा. मुलाला घरून नेताना 'नख कापायला जायचे आहे' एवढेच सांगितले तरी पुरते. आधी बुरशीनाशक औषध चालू असेल तर तंतू सापडण्याची शक्यता कमी होते, म्हणून ते केव्हापर्यंत लावले हे डॉक्टरांना नक्की सांगावे.

आता तुम्ही आणलेल्या त्या मलमाविषयी. ट्यूब अजून घरात असेल तर तिच्यावरील बारीक अक्षरे वाचून पाहा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी एखादे नाव त्यात असेल, तर त्या मलमात स्टेरॉइड आहे. बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली अशी मलमे आपल्याकडे चिठ्ठीशिवाय सर्रास हातात पडतात. स्टेरॉइडमुळे खाज आणि लाली दोनच दिवसांत शमते, म्हणून औषध लागू पडल्यासारखे वाटते. पण त्या जागेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे आत बुरशी पसरतच राहते. गेल्या काही वर्षांत भारतात नायटा, गजकर्ण यांच्या चिवट साथी घराघरांत दिसू लागल्या, त्यामागे या मलमांच्या गैरवापराचा मोठा हात असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी या नावाने ओळखली जाऊ लागलेली बुरशी तर टर्बिनाफिनसारख्या हमखास औषधालाही अनेकदा दाद देत नाही. मुलांची कातडी पातळ असल्यामुळे स्टेरॉइडचे दुष्परिणामही त्यांना लवकर होतात. म्हणून ते मलम आजच बंद करावे आणि ट्यूब टाकून न देता तपासणीला जाताना बरोबर न्यावी.

मुलाला घेऊन जाल त्या दिवशी घरातील सर्वांचे पाय एकदा उजेडात पाहून घ्या, ही माझी आग्रहाची विनंती आहे. काही वर्षांपूर्वी सहा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली होती. दोनदा उपचार होऊनही तिच्या अंगठ्याच्या नखाची बुरशी परतली होती. तिला आजोबा घेऊन आले होते. मी त्यांना चपला काढायला सांगितल्या तेव्हा ते संकोचले, कारण त्यांना स्वतःसाठी काहीच विचारायचे नव्हते. त्यांच्या दोन्ही अंगठ्यांची नखे शिंगासारखी जाड आणि पिवळी होती, आणि तळव्यांवर पीठ भुरभुरावे तशी पांढरट कोरडी कातडी होती. वीस वर्षे ते तिला 'पायांचा कोरडेपणा' म्हणत आले होते. घरात नेलकटर एक आणि न्हाणीघराबाहेरचे पायपुसणेही एकच. नातीची नखे दर रविवारी आजोबाच मोठ्या मायेने कापून देत असत. दोघांचे उपचार बरोबर सुरू केले तेव्हा नातीचे नख स्वच्छ उगवून आले आणि पुढे तसेच राहिले. आजोबांना अपराधी वाटू नये म्हणून मला त्यांच्याशी बराच वेळ बोलावे लागले.

उपचाराचे म्हणाल तर निदान पक्के झाल्यावर दोन वाटा असतात. नखाचा थोडाच भाग बिघडला असेल आणि विकार मुळापर्यंत पोहोचला नसेल, तर नेलपॉलिशसारखे लावायचे औषध पुरे होऊ शकते. मुलांचे नख पातळ असल्यामुळे ते मोठ्यांपेक्षा त्यांना अधिक चांगले लागू पडते. ॲमोरोल्फिन आठवड्यातून एकदा किंवा दोनदा लावतात, सिक्लोपिरॉक्स रोज लावतात. एफिनाकोनाझोल आणि टॅव्हाबोरोल या नव्या औषधांना अमेरिकेत ६ वर्षांपासूनच्या मुलांसाठी मान्यता आहे. यांतील कोणतेही घेतले तरी पायाच्या नखासाठी जवळजवळ वर्षभराची चिकाटी लागते.

नख निम्म्याहून अधिक बिघडले असेल, एकाहून अधिक नखे धरली असतील किंवा विकार मुळाशी गेला असेल, तर पोटातून औषध द्यावे लागते. याची भीती वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून थोडे तपशिलात सांगतो. सर्वाधिक वापरले जाणारे टर्बिनाफिन मुलांना वजनानुसार दिले जाते : २० किलोच्या आत रोज ६२.५ मिलिग्रॅम, २० ते ४० किलोपर्यंत १२५ मिलिग्रॅम, त्यापुढे २५० मिलिग्रॅम. हाताच्या नखासाठी ते साधारण ६ आठवडे आणि पायाच्या नखासाठी १२ आठवडे चालते. तुमच्या मुलाचे वजन १७-१८ किलो असेल तर मोठ्यांच्या गोळीचा चौथा हिस्सा त्याच्या वाट्याला येईल. हे आकडे डॉक्टरांचे बोलणे तुम्हाला नीट समजावे म्हणून दिले आहेत. त्यांच्या आधारे घरी गोळी तोडून देऊ नये. सुरू करण्यापूर्वी रक्ताची तपासणी करून यकृताचे काम ठीक आहे ना हे पाहतात. बहुतेक मुलांना काहीही त्रास होत नाही, काहींचे पोट बिघडते. तोंडाची चव गेली तर लहान मूल ते शब्दांत सांगू शकत नाही, ते नुसते जेवण टाकते, हे आईच्या लक्षात असलेले बरे. लघवी गडद पिवळी होणे, डोळे पिवळे दिसणे, सतत उलट्या होणे किंवा अंगावर पुरळ उठणे यांपैकी काही दिसले तर औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. नीट निवडलेल्या मुलात, नीट मोजून दिलेले हे औषध चांगले सोसते, आणि मुलांत नख पूर्ण बरे होण्याची शक्यता मोठ्यांपेक्षा अधिक असते.

चिपळूणच्या पावसात शाळेचे बूट वाळणे किती कठीण असते याची मला कल्पना आहे. शक्य असेल तर बुटांचे दोन जोड ठेवून एकाआड एक दिवस वापरावेत आणि ओल्या जोडात वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवावेत. मोजे रोज गरम पाण्यात धुवावेत. ऊन नसेल तर इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे करावेत. पावसाळ्यापुरती सॅंडल घालू द्यावी म्हणून शाळेला चिठ्ठी लिहावी, माझा अनुभव असा की शिक्षक सहसा नाही म्हणत नाहीत.

प्रश्न : आमची मुलगी आठ वर्षांची आहे. दीड वर्षापासून तिची हातापायांची सगळी नखे खरखरीत झाली आहेत, सॅंडपेपरने घासल्यासारखी. बुरशी समजून तिला तीन महिने गोळ्या दिल्या. काहीच फरक पडला नाही, आता आणखी तीन महिने द्या असे सांगितले आहे. नखाचा नमुना कोणी घेतलेला नाही. शाळेत बाईंनी तिला डबा वेगळा बसून खायला सांगितला, तेव्हापासून ती हात दप्तराखाली लपवते. (एक वडील, कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य वाचून फार वाईट वाटले, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. तुम्ही वर्णन केलेला विकार, माझ्या अंदाजाप्रमाणे असेल तर, मुळीच संसर्गजन्य नाही. तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांकडून तसे दोन ओळींचे पत्र घेऊन ते स्वतः शाळेत द्यावे आणि मुलीला मैत्रिणींबरोबर डबा खाऊ द्यावा.

सुदृढ मुलाची वीसच्या वीस नखे एकाच वेळी, एकाच तऱ्हेने बुरशीने खराब झाली आहेत असे सहसा घडत नाही. बुरशी एखाद्या नखात शिरते, शेजारचे धरते, मधले एखादे सोडते. तिच्यात अशी समानता नसते. सगळी नखे खरखरीत, निस्तेज, उभ्या बारीक रेषांनी भरलेली आणि कडेला तुटणारी असतील तर त्याला ट्रॅकिऑनिकिया किंवा वीस नखांचा विकार म्हणतात. कधी त्यामागे लायकेन प्लॅनस हा त्वचेचा विकार किंवा सोरायसिस असतो, कधी केसांतील चाई, कधी इसब. पुष्कळ मुलांत मात्र दुसरे काहीही सापडत नाही. म्हणून तिची टाळू, कोपरे, गुडघे आणि तोंडाच्या आतील बाजू एकदा नीट पाहून घ्यावी लागेल, आणि नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे आहेत का तेही पाहावे लागेल. बहुतेक मुलांत हा विकार काही वर्षांत आपोआप ओसरतो आणि नखांवर कायमचा व्रण राहत नाही, त्यामुळे नख मऊ ठेवणारे साधे मलम आणि आखूड कापलेली नखे यांवरही भागते.

नमुना न घेता दिलेल्या तीन महिन्यांच्या गोळ्यांनी फायदा झाला नाही, म्हणून पुन्हा तितक्याच गोळ्या नमुना न घेताच देणे मला पटत नाही. पुढची गोळी देण्यापूर्वी नखाची तपासणी व्हावी, असा आग्रह तुम्ही डॉक्टरांकडे नम्रपणे पण ठामपणे धरावा. गोळ्या बंद झाल्यावर यकृताची तपासणी एकदा करून घेतलीत तर तुमच्याही मनाचे समाधान होईल.

प्रश्न : तीन वर्षांच्या नातीच्या हाताची चार नखे मुळापासून सुटून वर आली आहेत, एक तर गळूनच पडले. दुखत नाही, पू नाही. सून म्हणते बुरशी आहे, हळद लावू का? (एक आजी, नाशिक)

उत्तर : आजी, महिना-दोन महिन्यांपूर्वी नातीला ताप येऊन तळहात, तळपाय आणि तोंडात पुरळ उठले होते का, ते आठवून पाहा. बालवाडीतून पसरणारा हा हात-पाय-तोंडाचा आजार कॉक्सॅकी जातीच्या विषाणूंमुळे होतो. त्या दिवसांत नखाचे मूळ काही काळ काम थांबवते आणि नंतर पुन्हा सुरू करते. मधल्या खंडामुळे जुने नख मुळाकडून सुटते. हे चार ते आठ आठवड्यांनी दिसत असल्यामुळे तोवर तो ताप सगळे विसरलेले असतात. बुरशी सहसा नखाच्या टोकाकडून आत शिरते आणि हे मुळाकडून सुटते, एवढ्या एका खुणेवरूनही फरक बराचसा ओळखता येतो. याला औषध लागत नाही. सुटलेले टोक कपड्यात अडकू नये म्हणून कापून टाकावे किंवा कागदी चिकटपट्टीने धरून ठेवावे, ओढू नये. काही महिन्यांत नवीन नख पूर्ण येते. हळद लावून अपाय होणार नाही, पण तिच्या पिवळेपणामुळे नखाचा खरा रंग कळत नाही, म्हणून लावू नये.

प्रश्न : सोळा महिन्यांचे बाळ सतत उजवा अंगठा चोखते. नखाच्या मुळाशी कातडी सुजून गुलाबी झाली आहे, नख कडेने हिरवट-तपकिरी आणि खडबडीत दिसते. दोन महिने झाले. सवय मोडावी म्हणून कडुनिंबाचा रस लावतो. (आई-वडील, पणजी)

उत्तर : हे जुने नखुरडे आहे. अंगठा दिवसभर ओला राहिला की नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी, जी एरवी आत पाणी जाऊ देत नाही, ती सुटते. तयार झालेल्या फटीत लाळ साचते आणि तिथे कँडिडा ही दुसऱ्या प्रकारची बुरशी वाढते. तान्ह्या आणि रांगत्या मुलांच्या हाताच्या नखांत आढळणारी बुरशी बहुधा हीच असते, आणि तिचे उपचार चिपळूणच्या मुलापेक्षा वेगळे आहेत. इथे औषधाइतकेच महत्त्व कोरडेपणाला आहे. बाळ झोपले की अंगठा हलकेच तोंडातून काढावा, टिपून कोरडा करावा आणि डॉक्टरांनी दिलेले कँडिडावरील मलम सुजलेल्या कातडीवर, त्या फटीपाशी लावावे. बाळ लगेच चोखणार नाही अशी झोपेचीच वेळ त्यासाठी बरी. सूज उतरली की नख मागाहून आपोआप सुधारते. हिरवट छटा स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूमुळे येऊ शकते, ती डॉक्टरांना आवर्जून दाखवावी.

कडुनिंबाचा रस थांबवावा. त्याने अंगठा आणखी ओला राहतो, आणि दीड वर्षाच्या बाळाचा अंगठा कडू करून सवय सुटत नाही, बाळ फक्त चिडचिडे होते. या वयात चोखणे हा त्याचा आधार आहे. हातात खेळणे देऊन, मांडीवर घेऊन वेळ कमी करता येईल तेवढी करावी.

दोन गोष्टींत मात्र थांबू नये. सूज एकाएकी लाल, गरम आणि ठणकणारी झाली, पू दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका दिसला तर तो हर्पीसचा असू शकतो. तो घरी फोडू नये, आणि पू समजून चिरा देण्याची घाईही होऊ नये. बाळाच्या जिभेवर पांढरा थर वारंवार येत असेल आणि एकामागून एक नखे बिघडत असतील, तर बालरोगतज्ज्ञांकडून प्रतिकारशक्तीची चौकशी करून घ्यावी.

प्रश्न : सात वर्षांच्या मुलाच्या हाताच्या नखांवर पांढरे ठिपके आहेत. कॅल्शियम कमी पडते आहे की बुरशी आहे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दोन्ही नाही. खेळताना, बाक वाजवताना किंवा नखे खाताना मुळाशी लागलेल्या बारीक माराच्या त्या खुणा आहेत. नखाबरोबर पुढे सरकतील आणि कापल्या जातील. यासाठी कॅल्शियमचे औषध देऊ नये.

प्रश्न : गावाकडे नखाच्या बुरशीवर लसूण ठेचून बांधतात आणि वरून मेंदी लावतात. दहा वर्षांच्या मुलीला केले तर चालेल का? (एक वाचक, लातूर)

उत्तर : लसूण बांधू नये. ठेचलेली लसूण रात्रभर पट्टीखाली राहिली तर कातडी अक्षरशः भाजते; फोड येतात आणि मुलांच्या कोवळ्या कातडीला तर ते फार लवकर येतात. असे भाजलेले अंगठे मी पाहिले आहेत आणि त्या मुलांच्या मूळ विकारावर उपचार सुरू करण्याआधी आम्हाला जखम भरून यायची वाट पाहावी लागली. मेंदीने अपाय नाही, पण नख रंगले की तपासणाऱ्याला काही दिसत नाही आणि तो रंग नख वाढून कापले जाईपर्यंत जात नाही. सणाला हौसेने लावलेली मेंदी वेगळी. तपासणीच्या आधी मात्र बिघडलेले नख तेवढे मोकळे सोडावे.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाला नखाची बुरशी असल्याचे तपासणीत सिद्ध झाले. टर्बिनाफिनचा १२ आठवड्यांचा कोर्स गेल्या आठवड्यात संपला. पण अंगठ्याचे नख अजून अर्धे पिवळेच आहे. औषध फुकट गेले असे समजायचे का? पोहण्याचा वर्ग पुन्हा सुरू करता येईल का? (एक वडील, पुणे)

उत्तर : निराश होऊ नका, या टप्प्यावर असेच दिसते. औषधाने पिवळे नख पांढरे होत नाही. ते बुरशीची वाढ थांबवते, आणि मग मुळाकडून येणाऱ्या चांगल्या नखाने बिघडलेला भाग पुढे ढकलायचा असतो. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, पायाचे जेमतेम १ ते दीड मिलिमीटर, मुलांत थोडे अधिक. म्हणजे तीन महिन्यांत अंगठ्याचे नख चार-पाच मिलिमीटरच पुढे सरकलेले असणार. बाकीचे सरकून कापले जायला आणखी काही महिने लागतील. टर्बिनाफिन नखात साठून राहते आणि गोळ्या थांबल्यावरही कित्येक आठवडे काम करत असते, म्हणून नख पिवळे दिसते एवढ्याच कारणाने स्वतःहून कोर्स वाढवू नका.

पोहायला हरकत नाही. तलावाच्या काठावर आणि कपडे बदलण्याच्या ओल्या खोलीत अनवाणी फिरू नये, स्वतःची सपाता न्यावी, आणि बाहेर आल्यावर बोटांच्या बेचक्या टॉवेलच्या कोपऱ्याने एकेक करून कोरड्या कराव्यात. मुलांच्या हातून नेमके हेच राहून जाते. जुने बूट या काळात घातले असतील आणि नवे घेण्यासारखी स्थिती असेल तर नवे घ्यावेत. नेलकटर त्याच्यापुरते वेगळे ठेवावे.

उतार पडतो आहे की नाही हे ओळखण्याची एक साधी युक्ती सांगतो. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विनंती करावी की चांगले नख संपून पिवळे जिथे सुरू होते, नेमक्या त्या सीमेवर नखाच्या पृष्ठभागावर पात्याने एक हलकी आडवी खूण करून द्यावी. ती घरी स्वतः करू नये. मग दर महिन्याच्या एका ठरावीक तारखेला, त्याच खिडकीपाशी, पायाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा. नख वाढेल तशी ती खूण पुढे जाईल. पिवळा भाग खुणेच्या पुढेच, टोकाच्या बाजूला राहिला, तर औषधाने काम केले आहे आणि आता फक्त वाट पाहायची आहे. पिवळेपणा खूण ओलांडून मुळाकडे येऊ लागला, तर ते फोटो घेऊन पुन्हा दाखवायला यावे. मग नमुना दुसऱ्यांदा घेऊन कल्चरला लावावा लागेल आणि त्याचा अहवाल पाहूनच पुढचे औषध ठरेल.